पानिपतला नेलेले मूठभर तांदूळ

पुण्याच्या विमानतळावर तपासणीच्या माणसाने माझ्या पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली, सोडली आणि माझ्याकडे पाहिलं. "ये क्या है?" तांदूळ, मी म्हटलं. "बस, इतना सा?" एवढेच, म्हटलं. त्याने दोन दाणे बोटांत घासून बघितले. मागे रांग खोळंबली होती. सत्तरीला टेकलेली बाई मूठभर तांदूळ घेऊन दिल्लीला का चालली आहे, हे त्याला समजावत बसले असते तर विमान सुटलं असतं. त्याने पुरचुंडी पुन्हा बांधून दिली, माझ्यापेक्षा नीट.

ते तांदूळ शिवरामचे होते. आम्ही विशीत असताना पुण्यात आमचा एक गट होता. त्याला नाव नव्हतं, कारण नावावरून भांडण कधी मिटलंच नाही. आम्ही आडनावं टाकली होती. मी नुसती सुलभा होते. हुंडा नाही, मंगळसूत्र नाही, भटजी नाही, आणि स्वयंपाक मुलग्यांनी करायचा. घरच्यांनी आमच्या नावाने बोटं मोडली, काहींना घराबाहेर काढलं. आम्हाला वाटायचं, आपली मुलं मोठी होईपर्यंत जात ही चीज फक्त इतिहासाच्या पुस्तकात उरेल. असं वाटण्याचं ते वयच होतं, असं आता लोक समजुतीने म्हणतात आणि मला त्या समजुतीचा राग येतो.

गटातलं पहिलं लग्न विजय आणि नलूचं. आहेर कुणी आणायचा नव्हता. त्याऐवजी प्रत्येकाने आपल्या घरून मूठभर तांदूळ आणायचे, सगळे एका पातेल्यात टाकायचे आणि तोच भात सगळ्यांनी खायचा. कल्पना विजयची. आंबेमोहोर, कोलम, रेशनचा जाडा, एका कोकणातल्या मुलाने आणलेला उकडा, सगळं एकत्र पडलं. आंबेमोहोराचा गिचका झाला आणि उकडा टणक राहिला. कुठल्याही घरातल्या बाईने हे आधीच सांगितलं असतं, पण आम्ही कुठल्याच बाईला विचारलं नव्हतं. आमटी ओतून आम्ही तो भात खाल्ला, मग पोट धरून बसलो, आणि पोटदुखीचाही अभिमान बाळगला. पुढे गटातल्या बऱ्याच लग्नांत हा 'मुठीचा भात' झाला आणि तो कधीच नीट शिजला नाही.

त्या पहिल्या दिवशी शिवरामची आई मूठ मिटून दारापाशीच उभी राहिली होती. ती रस्ते झाडायची. आपल्या घरचं धान्य या लोकांच्या पातेल्यात टाकायचं, हे तिच्याने होईना. विजय, म्हणजे खुद्द नवरदेव, उठून दारापर्यंत गेला. त्याने तिचं मनगट धरलं, तिला पातेल्यापाशी आणलं आणि मूठ उघडायला लावली. घरी गेल्यावर ती खूप रडली, असं शिवराम सांगतो.

आता विजय-नलूच्या मुलीचं, इराचं लग्न निघालं होतं. बोलावणं शिवरामलाही होतं, पण खुब्याचं हाड मोडल्यापासून तो अंथरुणाला खिळला आहे. मी निघण्याआधी त्याला भेटायला गेले तेव्हा त्याने सुनेकडून डबा मागवला आणि स्वतःच्या हाताने मूठ भरली. "आईच्या वाटची आहे, पातेल्यात पडली पाहिजे," तो म्हणाला. "आणि शिजला की सांग, कच्चा राहिला का ते." तेवढ्यासाठी मी दिल्लीला गेले, असं म्हटलं तरी चालेल.

कस्तुरबा गांधी मार्ग

भाच्याच्या ओळखीने राज्य सरकारच्या अतिथीगृहात एका रात्रीची खोली मिळाली होती. सकाळी उपाहारगृहात पोहे मागवले तर त्यांत मटार, गाजर आणि डाळिंबाचे दाणे. वर लिंबू मागितलं तर लोणचं आलं. काउंटरवरचे गृहस्थ मराठी, पण जन्म इथलाच. विजय-नलूच्या घरी फरीदाबादला कसं जायचं, ते मी त्यांना विचारलं. "मॅडम, फरीदाबादला मेट्रोनेच निघून जा. बिल्कुल सीधी आहे. गाडी केलीत तर जाममध्ये फसून जाल." मी खोकत होते. त्यांनी न विचारताच आल्याचा चहा पाठवला आणि दिल्लीच्या हवेत पहिल्या आठवड्यात सगळेच खोकतात, असं सांगितलं. नंतर काय होतं, विचारलं. नंतर पत्ता लागत नाही, म्हणाले.

निघायला अवकाश होता म्हणून चालत जंतर-मंतरपाशी गेले. तरुणपणी एका मोर्च्याबरोबर दिल्लीत आले होते तेव्हा रस्ता दिसत नव्हता इतकी माणसं होती. आता अडथळ्यांच्या आत एका सतरंजीवर थोडी मुलंमुली फलक घेऊन बसली होती. मी जाऊन टेकले. चष्मा लावलेल्या एका मुलीने शेंगदाणे पुढे केले. ती परीक्षेच्या पेपरफुटीविरुद्ध बसली होती. कुणी फोटो काढायला लागलं की सगळी मुलं फलक चेहऱ्यापुढे धरत. मी कारण विचारलं. नोकरीच्या मुलाखती तोंडावर आहेत, ती म्हणाली, आणि घरच्यांना ती अभ्यासिकेत आहे असंच ठाऊक आहे. आमचेही घरचे चिडायचे, पण आम्ही चेहरे लपवले नव्हते, हे मी तिला सांगणार होते. मग वाटलं, आम्हाला लपवावे लागले नाहीत, हेच खरं. परवानगीची वेळ संपली, पोलिसाने घड्याळ दाखवलं आणि त्यांनी निमूटपणे सतरंजी गुंडाळली. माझ्या ओंजळीत शेंगदाणे तसेच राहिले.

फरीदाबाद

विजय तरुणपणी इथे आला तो कारखान्यांतल्या मजुरांत राहायला. तो आणि नलू मजूर वस्तीत एका खोलीत राहात. नलू तिथे बायकांचा शिवणवर्ग चालवायची. मग संप मोडला, कारखाना दुसरीकडे गेला, इरा झाली, शाळेची फी आली. विजयला पुढे कारखानदारांना सल्ला द्यायचं काम मिळालं. मजूर काय मागणार आहेत ते मालकांना आधी सांगायचं. त्याच्याइतकं ते कुणाला माहीत असणार? हे सगळं मला तुटक तुटक ठाऊक होतं. पत्रं थांबली तेव्हा आम्ही एकमेकांची विचारपूस लग्नकार्यापुरती ठेवली होती.

उंच इमारतीतल्या त्यांच्या फ्लॅटच्या दारावर पितळी पाटी होती, 'कुलकर्णी'. मी बेल दाबायची थांबून ती पुन्हा वाचली. आत गेले तर समोरच्या भिंतीवर आमचं जुनं भित्तिपत्रक, काचेच्या चौकटीत, वर छोटा दिवा. 'आम्हाला आडनाव नाही.' अक्षर नलूचं होतं. ते भिंतीवर चिकटवायची खळ मी शिजवली होती.

विजयने बाहेरची पाटी मी वाचली हे ओळखलं. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "आडनाव नाही म्हटलं की इथे लोक समजायचं ते समजतात." मी म्हटलं, समजू दे की. तो हसला आणि स्वयंपाकघरात गेला. स्वयंपाक मात्र अजून तोच करतो आणि फार सुंदर करतो. निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी, वर घरचं लोणी. जेवताना मला सारखं वाटत होतं की एवढं तरी टिकलं, यावर खूश व्हावं. नलूच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. लग्नापुरतं घातलंय, तिकडच्या लोकांना बरं दिसतं, ती म्हणाली. तिच्या माहेरची माणसं विणकर. पण करणच्या, म्हणजे जावयाच्या घरच्यांनी आईचं आडनाव विचारलंच नाही. वडलांचं ऐकून करणची आजी म्हणाली होती, पंजाबी नाहीत तर नाहीत, ब्राह्मण तर आहेत. लग्न मुलांनी स्वतः ठरवलेलं होतं, हेही सांगायला हवं.

इरा गुडगावला नोकरी करते. रात्री आली आणि गळ्यातच पडली. "मावशी, यार, तू आलीस ना, बस. मुठीचा भात तर आपण करणारच आहोत." या घरात हे कुणी विसरलं नव्हतं, आणि आठवण ठेवली होती ती मुलीने. "आपली महाराष्ट्रियन रसम आहे ना ती," ती पुढे म्हणाली. रसम म्हणजे रूढी; मी त्या शब्दाकडे लक्ष द्यायला हवं होतं, पण आनंदाच्या भरात दिलं नाही. तिला सगळी गोष्ट सांगितली. दारात उभी राहिलेली शिवरामची आई, तिचं काम, तिची जात, इराच्या बाबांनी धरलेलं मनगट. इराचे डोळे भरून आले. "बाबा, तुम्ही हे मला कधी सांगितलंच नाही." विजय भांडी पुसत होता. तो वळला नाही.

मी तिथूनच शिवरामला फोन लावला आणि सांगितलं की मुठीचा भात होणार आहे. पलीकडे तो कितीतरी वेळ नुसताच हसत होता. "पोरीला म्हणावं, पाणी जास्त घाल," म्हणाला.

पानिपत

करणच्या वडलांचा पानिपतला घोंगड्या-चादरींचा कारखाना आहे, म्हणून लग्न तिथे. आदल्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा ते स्वतः स्वागताला आले. दणदणीत माणूस. "आप मराठे तो पहले भी आए थे पानिपत. इस बार खाना खिलाके भेजेंगे." सगळे हसले, मीही हसले. एखाद्याचा पार बोऱ्या वाजला की आपण ज्या गावाचं नाव घेतो, ते गाव म्हणजे खरं तर हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना चादरींची आणि लोणच्याची दुकानं, आणि गल्लीगल्लीतून मागांचा खडखडाट.

त्यांनी हौसेने कारखाना दाखवला. परदेशांत लोकांनी टाकून दिलेले कपडे इथे गाठोड्यांनी येतात. त्यांचे रंगांप्रमाणे ढीग लावतात, यंत्रात पिंजतात, त्याचं सूत काढतात आणि घोंगड्या विणतात. पूर आला, भूकंप झाला की मदत म्हणून वाटतात त्या याच. बायका ओळीने बसून पात्यावर कपड्यांची बटणं आणि चेन कापून काढत होत्या. एकीच्या हातात लाल सदरा होता, छातीवर आवळलेली मूठ आणि खाली इंग्रजी अक्षरं. झुकणार नाही, असं काहीसं. काय लिहिलंय ते तिने मला विचारलं, मी सांगितलं. "अच्छा," ती म्हणाली. "लाल में जाएगा." तिने तो ढिगावर टाकला. कुणीतरी कुठल्यातरी शहरात हा घालून रस्त्यावर उतरलं असेल, हा विचार मी करायला नको होता, पण तो दिवसभर डोक्यातून गेला नाही.

लग्न दुसऱ्या दिवशी दुपारचं, थंडीतल्या उन्हात, हिरवळीवर. झेंडूच्या माळांनी सजवलेल्या एका चौथऱ्यावर पितळेची मोठी हंडी ठेवली होती. शेजारच्या मेजावर रेशमी कापडाच्या छोट्या थैल्या, प्रत्येकीत लांब दाण्याचा बासमती. पाहुण्याने एक थैली उचलायची, हंडीत रिकामी करायची आणि फोटोसाठी थांबायचं. कुणीही घरून काही आणायचं नव्हतं. सगळ्यांच्या मुठीत एकाच दुकानातले तांदूळ होते.

मी माझी पुरचुंडी काढली. लग्नाची व्यवस्था बघणारी मुलगी धावत आली. "आंटी, ये मिक्स मत कीजिए प्लीज, फोटो में अलग दिखेगा." तिची मला चीड आली नाही, ती तिचं काम करत होती. पण मागे करणची आत्या उभी होती. तिने अगदी गोड आवाजात विचारलं, "किसके घर का है?" ही हंडी होमासमोर ठेवायची आहे, त्यात घरच्यांचंच धान्य चालतं, असं तिने समजावलं. नलू मध्ये पडली आणि तिला साडी दाखवायला घेऊन गेली.

विजय आला. त्याने माझं मनगट धरलं आणि मला बाजूला नेलं.

"सुलू, आज नको. ते पुन्हा विचारतील कोणाचे, आणि मला सांगावं लागेल."

"मग सांग."

"मुलीचं लग्न आहे गं."

त्याने मनगट सोडलं नव्हतं. पागोट्याखाली त्याच्या कपाळावर घाम आला होता. तो मला धमकावत नव्हता, विनवत होता, आणि ते मला जास्त वाईट वाटलं. एके काळी हाच हात एका बाईला पातेल्यापर्यंत घेऊन आला होता, हे मी त्याला ऐकवलं असतं तर तो तिथेच खाली बसला असता. म्हणून नुसता हात सोडवून घेतला. माझा राग आला तसाच जिरला आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही.

वरात आली, सगळे फाटकाकडे धावले. मी एकटी हंडीपाशी गेले आणि पुरचुंडी उलटी केली. शिवरामचे आखूड, जाडे, तांबूस दाणे पांढऱ्या बासमतीवर पडले. कुणी पाहिलं नाही. थोड्या वेळाने व्यवस्थेतल्या त्याच मुलीने येऊन तळहाताने तांदूळ सारखे केले आणि ते खाली गेले. पडली एकदाची, असं मी मनात शिवरामला सांगितलं.

मग निवेदकाने माइक घेतला. मराठ्यांची शेकडो वर्षांची रसम, दोन खानदानांचं मीलन, असं त्याने सांगितलं. "और इस रसम की शुरुआत हुई थी एक गरीब बूढ़ी माँ के आशीर्वाद से." इराने त्याला माझी गोष्ट दिली होती. गोष्टीत आई होती, गरिबी होती, मूठ होती. ती दारात का थांबली होती, तेवढंच गळालं होतं. टाळ्या पडल्या. इरा माझ्याकडे बघून डोळे पुसत हसली. त्या मुलीच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. तिला ते सगळं मनापासून आवडलं होतं.

जेवणाच्या वेळी मी भाताच्या काउंटरवर गेले आणि हंडीतला भात कुठला, ते विचारलं. वाढप्याला कळेना. त्याने त्या मुलीला बोलावलं.

"आंटी, वो तो शगुन है," ती म्हणाली. "वो पकता नहीं."

मी चौथऱ्याकडे पाहिलं. हंडीच्या तोंडाला लाल कापड बांधलं जात होतं. ती इराबरोबर सासरी जाणार होती आणि तिथल्या देवघरात तशीच राहणार होती. हे ठाऊक असतं तर मी ती मूठ परत पुण्याला नेली असती, शिवरामच्या गॅसवर शिजवली असती, आम्ही दोघांनी खाल्ली असती. आता ती निवडून काढायची तर दाणा दाणा शोधावा लागला असता. मी ताट घेऊन एका खुर्चीवर बसले. मला रडू आलं आणि लग्नात म्हातारी माणसं रडतातच, म्हणून कुणी विचारलं नाही.

विजय शेजारी येऊन बसला. "टाकलीस ना?" त्याने विचारलं. टाकली, म्हटलं. पाठवणीचं वाजप सुरू झालं होतं. तो खाली बघत म्हणाला, "आपण उघड उघड हरलो असतो तर बरं झालं असतं, सुलू. निदान कळलं तरी असतं."

मी त्याच्या ताटाकडे पाहिलं. त्याने घासही घेतला नव्हता.

पुणे

परतल्यावर तीन-चार दिवस मी खोकल्याची सबब सांगितली. मग शिवरामकडे गेले. त्याने स्वतःला उशीला टेकवून बसवून घेतलं होतं, दाढी केली होती.

"पडली का?"

"पडली."

"शिजला?"

मी सगळं सांगितलं. पाटी, थैल्या, आत्या, मनगट, लाल कापड. काही गाळलं नाही, कारण गाळलेली गोष्ट मी नुकतीच ऐकून आले होते. सून चहा ठेवून गेली, त्यावर साय धरली.

"तेव्हाही कच्चाच होता," तो शेवटी म्हणाला. "आपण चावून खाल्ला, एवढंच."

मी उठायला लागले तेव्हा म्हणाला, "पुढच्या महिन्यात नातवाचं लग्न आहे. तू येशीलच. त्याला हे मुठीचं काही सांगू नकोस."

"का रे?"

"त्याला फार आवडेल."

मी लग्नाला गेले. पत्रिकेवर आडनाव होतं, दारात नावाची अक्षरं दिव्यांची होती, नवरीकडचे सगळे जातीतलेच होते. शिवरामला चाकाच्या खुर्चीवर आणून पुढे बसवलं होतं. नातू मला वाकून नमस्कार करून म्हणाला, आजोबांच्या तरुणपणच्या काही गोष्टी सांगा ना. मी म्हटलं, काही विशेष नाहीत. मग शिवराम आणि मी जेवायला बसलो. पुलाव होता. उत्तम शिजला होता, एक शीत दुसऱ्याला चिकटलेलं नव्हतं.